नगररचनाकार कसा घडतो

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारनं तो दुरुस्त करून नव्यानं आणायला सांगितलं. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते. वारसा वास्तूंच्या नोंदी सुटल्या होत्या, प्रार्थनास्थळांच्या जागी भलतंच काही दाखवलं होतं, आणि शहराचे सर्वात जुने रहिवासी ज्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत राहतात त्यांच्या हद्दी धडपणे आखलेल्या नव्हत्या. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरीला २०१८ उजाडलं. यातल्या बऱ्याचशा चुका त्या गल्लीतून एकदा डोळे उघडे ठेवून चालत गेलेल्या माणसाच्या लक्षात आल्या असत्या. पैसा, संगणक आणि उपग्रहाची छायाचित्रं हाताशी असलेल्या महापालिकेची ही गत, तर तालुक्याच्या गावच्या नगरपंचायतीत काय होत असेल?

नगररचनेच्या शिक्षणाचा आढावा या घटनेपासून सुरू करण्याचं कारण एवढंच, की आज बारावीनंतर किंवा सिव्हिल इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, भूगोल, अर्थशास्त्र झाल्यावर या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना कॉलेजं, गुण आणि पॅकेज यांची माहिती भरपूर मिळते. या कामात नेमकं काय चांगलं यावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माणसांची गरज आहे, याबद्दल वाद नाही. नीती आयोगानं सप्टेंबर २०२१ मध्ये देशातल्या नगरनियोजनाच्या क्षमतेवर अहवाल दिला. त्यानुसार देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना कसलाही बृहत् आराखडा नाही. राज्यांच्या नगररचना विभागांमध्ये १२ हजारांहून जास्त नगररचनाकार हवेत. मंजूर पदं चार हजारांहूनही कमी, आणि त्यातली निम्मी रिकामी. काही राज्यांत तर या पदासाठी नगररचनेची पदवी असण्याची अटच नाही. महाराष्ट्राची ४५ टक्के लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच शहरी होती. पण गरज आहे म्हणून नोकरी आहे, असं आपल्याकडे होत नाही. ही दरी आधीच ठाऊक असलेली बरी.

आता काम म्हणजे काय ते पाहू. आपल्या राज्यात त्याचा कणा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. बोलीभाषेत एमआरटीपी. या कायद्याप्रमाणे नगरपालिका किंवा महापालिका ही नियोजन प्राधिकरण असते. आराखडा करण्याचा इरादा ती जाहीर करते, मग शहरातली प्रत्येक जागा आज कशासाठी वापरली जाते याचा नकाशा तयार होतो. त्यावरून लोकसंख्येचा अंदाज बांधून प्रारूप आराखडा निघतो: इथे निवासी विभाग, तिथे औद्योगिक, हा विकास आराखड्यातला म्हणजे डीपी रस्ता अठरा मीटरचा, हे आरक्षण प्राथमिक शाळेचं, ते बागेचं, ते भाजी मंडईचं. तो राजपत्रात प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना येतात, नियोजन समिती सुनावण्या घेते, बदल होतात, आणि अखेर मंत्रालयातून मंजुरी येते. किमान वीस वर्षांतून एकदा त्याची सुधारणा करावी लागते. बांधकाम कसं करायचं, किती चटईक्षेत्र मिळणार, बाजूला किती मोकळी जागा सोडायची, हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून उरलेल्या राज्याला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात.

या साखळीतला विद्यमान जमीन वापराचा नकाशा हा टप्पा विद्यार्थ्याला सर्वात कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते नगररचनाकाराची परीक्षा तिथेच होते. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीतली एखादी गल्ली घ्या. घराचा दर्शनी दरवाजा, आत शिरलं की चार यंत्रमाग खडखडताहेत, मागच्या खोलीत स्वयंपाक, माळ्यावर मुलांची अंथरुणं, आणि रस्त्याकडच्या खिडकीत शेजारणीचं किराणा दुकान. हातात नकाशा घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं या चौकोनात कोणता रंग भरायचा? निवासी म्हणून पिवळा भरला तर उद्या तो माग बेकायदा ठरू शकतो. औद्योगिक जांभळा भरला तर त्या घराला शाळा, दवाखाना, मैदान यांच्या हिशेबातून वगळलं जाईल. मिश्र वापर असं लिहायचं तर किती टक्के मिश्र, कोणत्या वेळी मिश्र, वीजजोडणी कुठल्या दरानं, हे विचारावं लागेल. त्यासाठी दार वाजवून आत जायला हवं, चहाला हो म्हणायला हवं आणि माग चालवणाऱ्याला भीती न वाटता बोलतं करता यायला हवं. उपग्रहाच्या छायाचित्रात यातलं फक्त छप्पर दिसतं. मुंबईत हा विद्यमान वापराचा नकाशा २०१२ मध्ये लोकांसमोर आला तेव्हा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी गल्लोगल्ली फिरून त्यातल्या चुका दाखवून दिल्या होत्या. म्हणजे हे काम होऊ शकतं आणि त्याला पदवीच लागते असंही नाही. पदवीधरानं ते करायला मात्र हवंच.

आधी पाहून मग आखण्याची ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट चाळी पाडा, रुंद रस्ते काढा, हवा खेळू द्या, असा त्याचा मुख्य खाक्या होता. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यानं नगररचनेचा कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. पण त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस वेगळी दृष्टी घेऊन भारतात फिरत होता. शिक्षणानं जीवशास्त्राचा, पण शहरांचा पिसाट प्रेमी. गावात गेल्यावर आधी दिवसचे दिवस पायी हिंडायचं, विहिरी, तळी, देवळं, बाजार पाहायचे, आणि मग वस्तीला कमीत कमी इजा करून दुरुस्ती सुचवायची, ही त्याची पद्धत. इंदूरवरचा त्याचा १९१८ चा अहवाल आजही अभ्यासला जातो. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचं पहिलं प्राध्यापकपद गेडिसकडेच आलं. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. शहराचा आणि समाजाचा अभ्यास मुंबईत असा एका छपराखाली सुरू झाला होता. पुढे या दोन्ही अभ्यासांच्या वाटा वेगळ्या झाल्या, याचं मला वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतरची कथाही अशीच मिश्र आहे. मुंबईच्या खाडीपलीकडे वस्ती वाढवावी अशी शिफारस करणाऱ्या अभ्यासगटाचे प्रमुख स. गो. बर्वे सनदी अधिकारी होते. मुंबई-पनवेल आणि पुणे परिसरांच्या प्रादेशिक नियोजनावरच्या समितीचे धनंजयराव गाडगीळ अर्थतज्ज्ञ. १९६५ मध्ये मुंबईला जोडशहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता वास्तुविशारद, तर शिरीष पटेल स्थापत्य अभियंता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि त्या कल्पनेतून नवी मुंबई उभी राहिली. अशा निरनिराळ्या विद्याशाखांतून आलेल्या माणसांनी महाराष्ट्रातलं नगरनियोजन घडवलं. म्हणून अमुकच शाखेतून यावं लागतं, या समजुतीला इथे तरी आधार नाही.

प्रवेशाची दारंही अनेक आहेत. पहिलं बारावीनंतरचं. बॅचलर ऑफ प्लॅनिंग ही चार वर्षांची पदवी. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये जेईई मेनच्या पेपर २बी मधून प्रवेश मिळतो. त्या पेपरात गणित, अभिक्षमता आणि नियोजनाविषयीचे प्रश्न असतात; आर्किटेक्चरच्या पेपरासारखी चित्रकलेची परीक्षा नसते. या पदवीसाठी बारावीला गणित लागतं, भौतिक-रसायनाची सक्ती नसते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गणित घेऊन वाणिज्य किंवा कला शाखेत शिकणारी मुलगीही हा पेपर देऊ शकते. प्रत्येक संस्थेच्या अटी दरवर्षी नीट वाचाव्यात, पण विज्ञान शाखा नाही म्हणून कुणी हा विचारच सोडून देऊ नये. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ या विषयातलं देशातलं मोठं नाव. तिथली प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे.

दुसरं दार पदव्युत्तर शिक्षणाचं, आणि बहुतेक जण तिथूनच येतात. आर्किटेक्ट, सिव्हिल अभियंते, नियोजनाचे पदवीधर, आणि अनेक संस्थांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांचे पदव्युत्तरही. गेट परीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर इथे उपयोगी पडतो. आता त्यात नियोजनाचा वेगळा भाग निवडता येतो. खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटींमध्ये नगरनियोजनाची जुनी पदव्युत्तर केंद्रं आहेत. दिल्लीच्या संस्थेत शहर, प्रदेश, वाहतूक, पर्यावरण, गृहनिर्माण अशी वेगवेगळी विशेषीकरणं मिळतात. महाराष्ट्रात नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत या विषयाचे अभ्यासक्रम आहेत. मुंबई आयआयटीत शहरविज्ञानाचं केंद्र आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेत नागरी धोरण व कारभाराचा अभ्यास होतो. शेवटच्या दोन ठिकाणी आराखडा काढण्यापेक्षा शहर कसं चालतं याच्या तपासणीवर भर. शहरी कारभाराच्या बाजूनं यायचं असेल तर तेही उत्तम.

नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिकांची संस्था. तिची सहयोगी सदस्यत्वाची परीक्षा देऊन कितीतरी लोक नगररचनाकार झाले. परदेशी शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. लंडन, रॉटरडॅम किंवा अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत जाऊन विचाराची शिस्त नक्की येते. पण तिथला जमिनीचा कायदा, तिथल्या नोंदी आणि तिथली पालिका निराळी. परत येऊन इथे काम करायचं असेल तर इथलं सगळं पुन्हा शिकावं लागतं, याची तयारी ठेवूनच कर्ज काढावं.

कोणत्याही संस्थेत गेलात तरी काही गोष्टी वर्गात पुरेशा शिकायला मिळत नाहीत. त्यात पहिली येते ती जमिनीची नोंद. आपल्याकडे आराखडा कागदावर आखला जात असला तरी तो उतरतो कुणाच्या तरी गट नंबरवर. सातबारा, फेरफार, आठ-अ, गाव नकाशा, सिटी सर्व्हेचं मिळकतपत्र हे वाचता न येणारा नगररचनाकार तलाठ्यापुढे आणि शेतकऱ्यापुढे सारखाच हतबल होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे डोक्यात पक्कं असावं लागतं, कारण समोरचा माणूस हेक्टर-आरमध्ये दुःख सांगत नाही, गुंठ्यात सांगतो. जुने गाव नकाशे साखळीनं मोजून काढलेले, कागद आखडलेला, कडा फाटलेल्या. असा नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत उपग्रहाच्या छायाचित्रावर बसवायला घेतला की ओढा एकीकडे जातो आणि बांध दुसरीकडे. देवळाचा कळस, विहीर, तिवाटा अशा न हललेल्या खुणा शोधून तो बसवावा लागतो. एका गावाचा नकाशा स्वतःच्या हातानं असा जुळवून पाहिलेल्या विद्यार्थ्याला जे कळतं ते दोन सत्रांच्या व्याख्यानांतून कळत नाही. संगणक घरी असेल तर हे अकरावीतही करता येतं. राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट नकाशे पाहायला मिळतात.

दुसरी गोष्ट मराठीची. या क्षेत्रातली पाठ्यपुस्तकं, निबंध, सादरीकरणं सगळी इंग्रजीत. पण अधिसूचना, शासन निर्णय, फेरफाराच्या नोंदी, हरकतींचे अर्ज आणि सुनावण्या मराठीत. सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहाबाहेर पिशवीत कागद घेऊन बसलेली माणसं आठवा. कुणाच्या अकरा गुंठ्यांवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलंय. आणखी कुणाचं घर डीपी रस्त्यात जातंय. एखाद्या विधवेचं तर सातबाऱ्यावर नावच लागलेलं नाही, म्हणून तिला नोटीसही आलेली नाही. समितीपुढे त्यांना दोन-तीन मिनिटं मिळतात. अर्जात काय लिहिलंय, त्यामागे काय दडलंय आणि ते नकाशावर नेमकं कुठे आहे, हे त्या दोन मिनिटांत ज्याला कळतं तो अधिकारी न्याय देऊ शकतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांना इथे अडखळताना पाहिलं की वाटतं, पहिल्या वर्षापासूनच कायदेशीर मराठीचा एक तास हवा. उलट बाजूनंही सांगितलं पाहिजे: मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजी अहवाल वाचायला घाबरू नये. दोन्ही भाषांत काम करणारा माणूस या व्यवसायात दुर्मीळ आहे आणि म्हणून मोलाचा. मराठीत या विषयावर सुलक्षणा महाजनांनी सातत्यानं लेखन केलं आहे. सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

मग पालिकेचं अंदाजपत्रक. ते वाचायला कुणी शिकवत नाही, आणि आराखडा का अमलात येत नाही याचं उत्तर तर त्यातच असतं. आरक्षित जागा ताब्यात घ्यायची तर मोबदला रोख द्यावा लागतो, किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वा वाढीव चटईक्षेत्राच्या रूपानं. छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक नसतं आणि पालिकेच्या तिजोरीत पैसा नसतो. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शाळेची, मैदानाची कितीतरी आरक्षणं अशी हातची गेली. नगररचनेच्या विद्यार्थ्यानं आपल्या शहरातली अशी दहा आरक्षणं घेऊन प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोधावं. एवढा एक उपक्रम केला तरी कायदा, पैसा आणि राजकारण एकदम समजतं.

पुण्यात १९८७ च्या आराखड्यात उच्चक्षमता वाहतुकीचा वर्तुळाकार मार्ग आखला होता, एचसीएमटीआर नावानं तो आजही ओळखला जातो. तो झाला नाही. दरम्यान शहर कितीतरी पसरलं, २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं हद्दीत आली, जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा वाद आणि विलंब यांतून जाऊन २०१७ मध्ये मंजूर झाला, तोही राज्य सरकारनं महापालिकेच्या हातून काम काढून समिती नेमल्यावर. आखणं आणि होणं यांतलं हे अंतर पाहून काही तरुण निराश होऊन खासगी क्षेत्रात जातात. मी त्यांना दोष देत नाही. पण टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आराखड्यात आलं ते पुणेकरांनी आणि काही जाणत्या नियोजकांनी धरून ठेवलं म्हणूनच. रेघ कागदावर राहिली तरी तिचा उपयोग होतो. ती पुसायला निदान कुणाला तरी सही करावी लागते.

नोकऱ्यांचं चित्र असं आहे. राज्याच्या नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचं मुख्यालय पुण्यात. सहायक नगररचनाकार आणि नगररचनाकार ही पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. त्यासाठी नियोजनाइतकीच स्थापत्य आणि वास्तुशास्त्राची पदवीही चालते. रचना सहायक हे खालचं पद, तिथे स्थापत्याच्या पदविकाधारकांना संधी असते. जाहिराती नियमित निघत नाहीत, आणि तयारी करणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच हातात दुसरं काम ठेवावं. विभागाच्या नावातला मूल्यनिर्धारण हा शब्द अनेकांना अनपेक्षित वाटतो: जमिनींचे मूल्यदर ठरवण्याचं, संपादनातल्या मोबदल्यासाठी मूल्यांकनाचं मोठं काम इथे चालतं, आणि त्यात आकडेमोड आवडणाऱ्या माणसाला चांगलं स्थान आहे.

याशिवाय सिडको, एमआयडीसी, १९७५ पासूनचं मुंबई महानगर प्रदेशाचं प्राधिकरण, २०१५ मध्ये आलेलं पुणे महानगर प्रदेशाचं. महापालिकांचे स्वतःचे नगररचना व बांधकाम परवानगी विभाग. तिथे गेलेल्याचा बराच काळ प्रस्ताव तपासण्यात जातो. हे काम कमी दर्जाचं मानू नये. नियमावलीतली कुठली पळवाट शहराला भोवते ते तिथेच कळतं. मोहांची आणि दबावांची जागाही तीच. आरक्षण बदलायला, रस्त्याची रेघ दोन मीटर सरकवायला माणसं येतात, कधी हात जोडून, कधी दम देत. मंजूर आराखड्यात कलम ३७ नुसार फेरबदल करता येतो. लोकहितासाठी ठेवलेल्या या तरतुदीचा वापर कुणाच्या हितासाठी होतोय, हे टिपणी लिहिणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला सर्वात आधी कळतं. त्या टिपणीत वस्तुस्थिती स्पष्ट लिहून ठेवणं हे त्याच्या हातात असतं, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर तोच कागद बोलतो.

खासगी सल्लागार कंपन्यांमध्ये काम विविध आणि शिकायला भरपूर. दोष निविदांच्या पद्धतीत आहे. आराखड्याचं काम सर्वात कमी दरात मागणाऱ्याला दिलं की पहिली कात्री प्रत्यक्ष पाहणीवर चालते. मुलाखतीला जाताना उमेदवारानं एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या प्रकल्पात सर्वेक्षणाला किती माणसं आणि किती आठवडे? उत्तरावरून कंपनी कळते. वाहतूक, मेट्रो स्थानकांभोवतीचा विकास, हवामान कृती आराखडे ही वाढती क्षेत्रं आहेत. मुंबईनं मार्च २०२२ मध्ये असा आराखडा जाहीर केला. स्वयंसेवी क्षेत्रात पगार कमी, पण पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं वस्त्यांचे घरनिहाय नकाशे करून, त्या माहितीच्या आधारे घरोघरी शौचालय नेण्याचं जे काम केलं, ते नियोजनाच्या कुठल्याही विभागात शिकवण्याजोगं आहे.

एक उणीव मात्र धोरणाच्या पातळीवरची. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्यानं परिषद आणि नोंदणी मिळाली. नगररचनाकारांसाठी तशी वैधानिक परिषद नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालानं ती असावी असं म्हटलं आहे. ती होईपर्यंत या पदवीचं वजन प्रत्येक जाहिरातीच्या पात्रतेच्या ओळीवर ठरणार. विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी याचा आग्रह धरायला हवा, कारण पात्रतेच्या अटीत नियोजनाची पदवी नुसती चालते असं नाही, ती हवी, असं लिहून येण्यावर पुढच्या पिढीच्या नोकऱ्या अवलंबून आहेत.

आणि गरज सर्वात तीव्र आहे ती छोट्या शहरांत. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींचं रूपांतर नगरपंचायतींत झालं. कालपर्यंत ग्रामसेवकाच्या कार्यालयातून चालणाऱ्या गावावर आज विकास आराखडा करण्याची जबाबदारी आहे. एसटी स्टँडसमोर दुकानांची रांग वाढते, बायपासला लागून गुंठेवारीनं प्लॉट पडतात, ओढा बुजवून रस्ता होतो. सांगली, कोल्हापूर, चिपळूण इथल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आले: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा पाटबंधारे विभाग आखतो, पण त्यांच्या आत बांधकाम होऊ द्यायचं की नाही, याचा निर्णय आराखड्यात आणि परवानगीच्या टेबलावर होतो. मोठ्या शहरात चूक झाली तर ती दाखवून द्यायला वकील, पत्रकार, संघटना असतात. नदीकाठच्या छोट्या गावात कुणी नसतं, आणि नाला बुजला की दोन-तीन पावसाळ्यांत पाणी घरात शिरतं. शिकलेली मुलं दिल्ली-मुंबईतल्या कंपन्यांत आणि रिकामी टेबलं तालुक्यात, ही आजची विभागणी मला या सगळ्या विषयातली सर्वात काळजीची बाब वाटते. नव्या पदवीधरानं पहिली दोन-तीन वर्षं तरी अशा ठिकाणी काढावीत. एका माणसाला अख्खं गाव पाण्याच्या टाकीपासून स्मशानभूमीपर्यंत समजून घेता येईल, अशी संधी महानगरात मिळत नाही.

तयारी करणाऱ्याला हे काम समजून घ्यायला पदवीपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की तो पालिकेच्या कार्यालयात पाहता येतो. हरकत किंवा सूचना देण्यासाठी जमीनमालक असावं लागत नाही. कायद्यानं ती लोकांकडून मागवलेली असते. ठरलेल्या मुदतीत लेखी अर्ज द्यायचा, त्यात आरक्षण क्रमांक, गट क्रमांक आणि मुद्दा स्पष्ट लिहायचा, पोच घ्यायची, आणि सुनावणीची सूचना आली की नकाशाची प्रत घेऊन हजर राहायचं.